कोरीकाकू आणि वळणावरची गाडी

आमच्या गल्लीत एके काळी अशी कुजबूज होती की कोरीकाकूचं कुणाशीतरी जमलंय. कुणाशी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि म्हणूनच ती बातमी इतके महिने टिकली. माणूस कळला की बातमी दोन दिवसांत शिळी होते. पुरावा मात्र भक्कम होता. दर रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला एक राखाडी, विजेवरची गाडी आवाज न करता गल्लीच्या वळणावर यायची, भिंतीला लागून उभी राहायची आणि चाळीस मिनिटांनी तशीच निघून जायची. बाजूच्या काचा काळ्या. कुणी उतरायचं नाही, कुणी चढायचं नाही. आणि वळणावर जिना एकच. त्या जिन्यानं वर गेलं की दुसऱ्या मजल्यावर कोरीकाकू.

आम्ही तिघं शिंप्याच्या दुकानापुढच्या बाकावर बसून हा सगळा कार्यक्रम पाहायचो. शिंपी, औषधवाला आणि मी.

"पण उतरत नाही तर जमतं कसं?" शिंप्याला नेहमी मापाचा प्रश्न पडायचा.

"फोन आहेत की हो," औषधवाला म्हणायचा. "तो खालून बोलतो, ती वरून. लाजत असेल बिचारा."

"अठ्ठावन्नाव्या वर्षी?"

"तो किती वर्षांचा आहे ते कुठे माहितीय आपल्याला?"

ही चर्चा पुढे कुठल्या थराला जायची ते मी लिहीत नाही. लिहिण्यासारखं नव्हतं, आणि बरंचसं मीच बोललेलो होतो.

एका रविवारी मला राहवलं नाही. मी उठलो, गाडीपाशी गेलो आणि बोटानं काच वाजवली. परत आलो आणि शिंप्याला सांगितलं, "आत मिशीवाला आहे. दांडगा." त्या दिवशी शिंप्यानं एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय दोन बोटं आखूड कापला, इतका तो रंगला होता. त्यानंतर गाडी पुन्हा आली नाही. आम्ही ठरवलं, प्रेमभंग झाला.

आता कोरीकाकू कोण, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही आमच्यासारखेच बाकावर बसल्यासारखे वाचाल.

हायवेला लागून जुन्या विजेच्या गाड्यांचं एक दुकान आहे. मोठी पत्र्याची शेड, पुढे पताका, मागे चार्जिंगचे खांब. तिथे ती कामाला. आधी वीस वर्षं त्याच मालकाकडे पेट्रोलच्या गाड्या आतून साफ करायची. सीटखालचे केसांचे चिमटे, पेनांची टोपणं, एखाद्या लहान मुलाचा एकच बूट असं निघायचं, ते पिशवीत भरून गाडीचा नंबर लिहून ठेवायची. मग विजेच्या गाड्या आल्या, पुढे एवढाले स्क्रीन घेऊन. बाकीचे कामगार त्या स्क्रीनला हात लावायला घाबरायचे. ही बसली, दोन दिवस बोटं फिरवली आणि मालकाला म्हणाली, "साहेब, ही गाडी नाहीये. हा चाकांवरचा फोन आहे. आणि आधीचा माणूस आपला फोन तसाच ठेवून गेलाय."

खरंच तसं होतं. गाडी विकणारा माणूस डिकी रिकामी करतो, आरशाला लटकवलेलं बाहुलं काढून नेतो, पण गाडीला काय काय माहीत आहे ते त्याच्या गावीही नसतं. फोनमधली सगळी नावं गाडीत उतरलेली असतात. मुलांची शाळा, डॉक्टर, ऑफिस, घर. कुठल्या वारी कुठे गेला, किती वेळ थांबला. बंगल्याचं गेट उघडायचा नंबर. कोणाच्या पाठीला सीट किती मागे लागतं, तेसुद्धा नावानिशी. कोरीकाकू हे सगळं पुसायची. तिच्या हातून गेलेली गाडी कोरी असायची, म्हणून दुकानातल्या विक्रीवाल्यानं तिला कोरीकाकू म्हणायला सुरुवात केली. विक्रीवाला तिच्याहून वीस वर्षांनी लहान, म्हणून काकू. मी तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा, तरी काकूच. ती मला 'बातमीदार' म्हणायची, त्यामुळे फिट्टंफाट.

माझी अवस्था तुमच्या लक्षात येतेय का? शंभर घरांची गुपितं रोज हाताखालून जातात अशी बाई माझ्या शेजारच्या जिन्यात राहते, आणि तोंड उघडत नाही! मी किती वेळा गयावया केली.

"काकू, एक सांग. नाव नको सांगू. गावही नको."

"सांगते. एका गाडीत एक माणूस होता."

"बरं?"

"त्याच्या स्क्रीनवर दोन घरं होती."

"अरे वा! मग?"

"मग दोन्ही पुसली. चला, भाजी करपेल माझी."

विक्रीवाल्याकडून मात्र एक किस्सा मिळाला. दुसऱ्या एका दुकानातून न पुसलेली गाडी गेली. नव्या मालकानं हौसेनं 'घर' हे बटण दाबलं. गाडीनं त्याला जुन्या मालकाच्या बंगल्यापाशी नेलं, गेट आपोआप उघडलं, आणि आत जुना मालक कमरेला टॉवेल गुंडाळून झाडांना पाणी घालत उभा! आम्ही बाकावर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. कोरीकाकू पिशवी घेऊन चालली होती, ती थांबली.

"गेट उघडलं ना?" ती म्हणाली.

"हो ना! आपोआप!"

"ह्यात हसण्यासारखं काय आहे?"

आणि गेली. शिंपी म्हणाला, बाईला विनोद कळत नाही. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

का कळत नव्हता, ते मला फार उशिरा कळलं. तिनंच सांगितलं, आणि ते कधी सांगितलं तेही येईल पुढे.

तिला एक मुलगी. नवरा लवकर गेला, मग त्या दोघीच. मुलगी शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं. तिची पहिली गाडी आईच्याच दुकानातून घेतलेली, छोटी निळी. ज्या दिवशी गाडी द्यायची त्या दिवशी मुलगी ऑफिसात अडकली होती. आईनं गाडी पुसली, धुतली आणि सुरू करून ठेवावी म्हणून आपलाच फोन नंबर घातला. आता ह्या गाड्यांचा कायदा असा की पहिला फोन ज्याचा, तो मुख्य मालक. नंतरचे सगळे नुसते चालक. मुलीनं संध्याकाळी आपला फोन जोडला आणि गाडी घेऊन गेली. ती मुख्य नव्हती, हे तिच्या लक्षात आलं नाही. आईच्या आलं होतं. दुसऱ्यांच्या गाड्या कोऱ्या करणाऱ्या बाईनं घरच्या गाडीतलं आपलं नाव तेवढं राहू दिलं.

का, तर फोनवर एक निळा ठिपका दिसायचा. संध्याकाळी ठिपका मुलीच्या घरी पोचला की ही गॅस पेटवायची. ठिपका वाटेत अडकला की हिचा घास अडकायचा. एकदा बोलता बोलता ती मुलीला म्हणूनही गेली, "परवा डॉक्टरकडे गेली होतीस ना? बरं नाही का?" मुलगी हसली. घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, "माझी आई माझ्यावर सॅटेलाइट सोडून बसलीय." तोही हसला.

मग एका बुधवारी सकाळी अकरा वाजता जावयाचा फोन आला. ती शेडमध्ये एका गाडीचे गालिचे झटकत होती.

"आई, ती रागावून कुठेतरी गेलीय. फोन उचलत नाही. मला फार काळजी वाटतेय हो. तुम्हाला दिसतं ना गाडीचं?"

आवाज मवाळ होता. जावई नेहमीच मवाळ बोलायचा, अहोजाहो करायचा, आल्यावर चपला नीट जोडीनं लावायचा. नवराबायकोचं भांडण, दुसरं काय, असं तिला वाटलं. तिनं हात पुसले, फोन उघडला.

"बस स्टँडजवळ एक लॉज आहे, त्याच्या मागे उभी आहे. चार्जिंगला लावलीय. म्हणजे दोन तास तरी हलायची नाही, तुम्ही सावकाश जा."

तो सावकाश गेला नाही.

पुढचं ती मला फार सांगू शकली नाही, आणि मीही विचारलं नाही. मनगट प्लास्टरमध्ये होतं, एवढं पुरे. मुलगी त्या लॉजमध्ये रागावून बसली नव्हती. लपून बसली होती. तीन वर्षांचं सगळं तिनं आईपासूनही लपवलं होतं, आई धसका घेईल म्हणून. हॉस्पिटलात आई आत शिरली तेव्हा मुलगी भिंतीकडे पाहत म्हणाली, "त्याला मी सापडत नव्हते, आई. तू सापडवून दिलंस."

दोघींचं ते शेवटचं बोलणं. मुलगी बरी झाली, नवऱ्यापासून सुटली, गाव बदललं, नंबर बदलला. आईनं त्या दिवशीच ॲप काढून टाकलं. जावई दारात येऊन ओरडायला लागला, तेव्हा तिनंही घर बदललं आणि आमच्या गल्लीत आली. मुलीचा जुना नंबर बंद पडायच्या आधी तिनं त्यावर नवा पत्ता पाठवला. दुसरं काही लिहिलं नाही, 'माफ कर' सुद्धा नाही. फक्त पत्ता. मेसेज पोचल्याच्या दोन खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

त्यानंतरची सहा वर्षं ती जगली ती एकाच आशेवर, की कधीतरी जिन्यावर पावलं वाजतील. आम्ही तिला हसतमुख बाई समजत होतो. तिनं ते घर पुन्हा बदललं नाही, पाटीवर मोठ्या अक्षरात आडनाव लावलं. आम्ही म्हणायचो, एवढी मोठी पाटी? डॉक्टर आहे का ही?

मधल्या काळात आमची ती रविवारची गाडी येऊन गेली. तिला त्याचा पत्ताही नव्हता. तिच्या खिडक्या सगळ्या मागच्या बाजूला. रविवारी दुकानाला सुट्टी, ती घरात कपड्यांना इस्त्री करत असायची, रेडिओ लावून. आम्ही टोमणे मारायचो, "काय काकू, आज पाहुणे नाहीत?" ती म्हणायची, "तुमच्यासारखे शेजारी असल्यावर पाहुणे कशाला येतील?" आम्हाला वाटायचं, काय पक्की आहे!

गाडी यायची बंद झाल्याला पाच महिने झाले असतील. एका मंगळवारी दुकानात जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या एका कंपनीकडून सात गाड्यांचा लॉट आला. अशा गाड्यांच्या कागदांवर कंपनीचंच नाव असतं, आधीचा मालक कोण ते कळत नाही. तिसरी गाडी राखाडी होती. कोरीकाकू आत बसली. सीट तिला बरोब्बर आलं, पुढे-मागे करावं लागलं नाही. दाराच्या कप्प्यात एक पेन्सिल आणि चष्म्याचं पुसायचं फडकं. ते पिशवीत टाकलं. मग स्क्रीन.

ठिकाणं तीनच. घर. ऑफिस. आई.

'आई' तर पुष्कळ गाड्यांत असते. तिनं आजवर शेकड्यानं आया पुसल्या होत्या. तिची पद्धत खालून वर जायची. तिनं 'आई'वर बोट दाबून धरलं. दाबून धरलं की स्क्रीन आधी पूर्ण पत्ता दाखवतो आणि मग विचारतो, काढायचं का?

पत्ता तिचा होता. दुसरा मजला, सुद्धा लिहिलेलं.

तिनं बोट उचललं. मागच्या फेऱ्यांची यादी उघडली. रविवार, रविवार, रविवार. तीन अठ्ठावीस ते चार दहा. तीन एकतीस ते चार अकरा. तिनं मोजल्या. एकतीस होत्या.

बाहेर विक्रीवाला बादली घेऊन उभा. "काकू, चारला गिऱ्हाईक येतंय ह्याच गाडीला. झालं का?"

"होतंय," ती म्हणाली.

वरच्या ओळीत 'घर' होतं. बोट दाबून धरायचं, एवढंच. सहा वर्षं जे मिळावं म्हणून तिनं जिन्याकडे कान लावले ते एका बोटाच्या अंतरावर होतं. कुणाला कळलं नसतं. विक्रीवाला सोडला तर दुकानात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतंच.

तिनं ते दाबलं नाही. एकेक काढायला गेलं तर पत्ता दिसेल, म्हणून तिनं यादीच बंद केली आणि आत जाऊन 'सगळं पुसा' हे बटण दाबलं. एकदा तिनं न विचारता मुलीचा ठावठिकाणा पाहिला होता. पुन्हा पाहायचा नाही, असं तिनं त्या हॉस्पिटलच्या पायरीवर स्वतःशी ठरवलं होतं. मुलीनं दिला तर घ्यायचा. नाही दिला तर नाही.

सगळं पुसायला गाडीला नऊ मिनिटं लागतात. स्क्रीनवर एक पांढरी पट्टी हळूहळू भरत जाते आणि खाली लिहिलेलं असतं, कृपया थांबा. ती थांबली. पट्टी अर्धीही भरली नव्हती तेव्हा तिच्या मनात आलं: माझी मुलगी. कोरीकाकूची मुलगी. शाळेतून सुटली की ह्याच शेडमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर बसून अभ्यास करायची. गाडी विकायच्या आधी काय पुसायचं ते तिला जगात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत. आणि ती गाडी न पुसता देईल? तीही मुद्दाम ह्याच गावात आणून, जिथे अशी गाडी फिरत फिरत ह्याच दुकानात येणार?

तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. मग दोन्ही हातांनी दाबलं. मग गाडीचं बटण, मग ब्रेक, मग दार उघडून बंद केलं. ह्या बाईनं गेली कित्येक वर्षं प्रत्येकाला बजावलं होतं की पट्टी चालू असताना कशालाही हात लावू नका. पट्टी थांबली नाही. विक्रीवाला धावत आला, त्याला वाटलं शॉक बसला.

पट्टी भरली. स्क्रीन एकदा काळा झाला आणि उजळला. 'स्वागत आहे. भाषा निवडा.'

विक्रीवाल्यानं नंतर त्या कंपनीला फोन लावला. कंपनीची मुलगी गोड आवाजात म्हणाली की आधीच्या मालकाची माहिती खासगी असते, देता येत नाही. कोरीकाकू शेजारीच उभी होती. म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. ठेव फोन."

त्या संध्याकाळी ती घरी न जाता बाकावर येऊन बसली. शिंपी आणि औषधवाला काहीतरी कारण काढून उठले. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "बातमीदार, तुम्ही रविवारी पाहुण्यांबद्दल काहीतरी म्हणायचात. राखाडी गाडी यायची ना वळणावर? आत कोण होतं?"

माझ्या तोंडी मिशीवाला आला होता. पण तिचा चेहरा पाहिला आणि मी तो गिळला.

"बाई होती," मी म्हणालो. "तिशीची असेल. केस आखूड. चष्मा."

"चष्मा?" ती म्हणाली. "चष्मा कधी लागला तिला?"

मग तिनं मला सगळं सांगितलं, वर लिहिलं ते. मध्येच थांबायची आणि विचारायची. बरी दिसत होती का? बरी होती. बारीक झाली होती? मला काय माहीत, आधी कुठे पाहिली होती मी. हात कसा होता, उजवा? काच चार बोटंच खाली झाली होती काकू, हात दिसला नाही.

"तुम्ही काय बोललात तिच्याशी?"

मी म्हणालो, "विचारलं, दुसऱ्या मजल्यावर यायचंय का? सांगू का वर? तर ती नको म्हणाली."

"आणि?"

"आणि मी म्हटलं... गमतीत म्हटलं... आम्ही दर रविवारी बघतो तुम्हाला."

कोरीकाकू पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. त्या पिशवीत पेन्सिल होती आणि चष्म्याचं फडकं. दुकानाच्या नियमाप्रमाणे वर गाडीचा नंबर लिहिलेला.

"तिनं मुद्दाम ठेवलं असेल का हो?" तिनं विचारलं.

ठेवलं नसेल, मी म्हणालो. मग ठेवलंही असेल म्हणालो. 

ती अजून त्याच दुकानात आहे. अजून गाड्या कोऱ्या करते. फक्त आता 'सगळं पुसा' दाबलं की गाडीतून उतरते आणि नऊ मिनिटं बाहेर उभी राहते. रविवारी दुपारी इस्त्री करत नाही, वळणावरच्या पायरीवर येऊन बसते. आम्ही बाक आता शिंप्याच्या दुकानाच्या आत घेतलाय. मुलगी आलेली नाही.

कोरीकाकूचं कुणाशीही जमलेलं नव्हतं. गाडीत मिशीवाला कुणी नव्हता, तो मी बनवला. गाडीत तिची मुलगी असायची. ती एकतीस वेळा आईच्या जिन्यापर्यंत आली, आणि एकतिसाव्या वेळी मी काच वाजवली.